जावयाचा तंगूस

बाबा, पेन्सिल माझ्या दोन्ही हातांत आडवी आहे, तिच्यात तंगुसाची फिरकी अडकवलेली आहे, आणि तुम्ही गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पाटावर बसून रीळ फिरवताय. "ताण धर गो," तुम्ही म्हणता. "सैल सोडलंस तर उद्या पाण्यात गुंता होतलो." मी फिरकीच्या कडेवर अंगठा दाबते. मासे गरवायचा हा नायलॉनचा दोरा रिळावर चढवायचं काम लहानपणापासून माझंच. लग्न होऊन सांताक्रूझला गेले तरी घाटकोपरला आले की तुम्ही आधी पेन्सिल पुढे करायचात. पण आजचा तंगूस तुम्ही निवडलेला नाही. लग्नासाठी कायमचे परत येताना यांनी दुबईहून तुमच्यासाठी आणलेला, हिरवट आणि जाड. हे आत पलंगावर बसून आईच्या हातचे पोहे खाताहेत.

तंगूस घ्यायला तुम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात जायचात, मला घेऊन. हातभर सोडून तो ओठांमधून ओढायचात. बोटाला कळत नाही ती खरखर ओठाला कळते, म्हणायचात. मग गाठ मारायची, थुंकीनं ओली करायची, आवळून बघायची. दुकानदार म्हणायचा, "काका, उष्टा केलात, आता न्यायलाच पाहिजे." कॉलेजात जायला लागल्यावर मी तेवढा वेळ दुकानाबाहेर उभी राहायचे. तुम्ही नेहमी बारीक तंगूस घ्यायचात. पवईच्या तलावातला मोठा कटला गळाला लागला की पहिली धाव लांब मारतो. तेव्हा त्याला अडवायचं नाही, जाऊ द्यायचं. दोरा संपण्याआधी त्याचा दम संपला पाहिजे. रिळावर जागा तेवढीच. बारीक तंगूस भरपूर मावतो, जाड थोडाच. हे मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. फिरकी धरून धरून कळलं होतं.

म्हणून यांनी दिलेली फिरकी तुम्ही उलटसुलट करून पाहिलीत आणि म्हणालात, "झकास आहे. गावाला समुद्रावर नेईन." यांचा चेहरा उतरला. मी तुमच्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. तुम्ही कोंडा आणि पेंड मळायला घेतली होती, हाताला आंबूस वास. कितीतरी रविवार तलावात बांधलेल्या एकाच मचाणाखाली हे आमिष टाकून तुम्ही एका कटल्याला सवय लावत होतात. त्याला म्हातारा म्हणायचात. म्हातारा मिळाला की अख्ख्या चाळीला जेवण, असं आईला सांगून ठेवलं होतंत.

"बाबा, उद्या यांचाच तंगूस घाला," मी म्हटलं.

"अगो, पण मावतलो किती तो?"

"नवे जावई आहेत. एवढ्या लांबून आणलाय. उद्यापुरता घाला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग साबणानं हात धुतलेत आणि रिळावरचा तुमचा तंगूस उतरवायला बसलात.

पवईला मी काठावर डबा घेऊन बसले होते. हे तुमच्याबरोबर मचाणावर. शेजारच्या मचाणावर तुमचे जुने सोबती, पोस्टातले काका. त्यांनी तुमचं रीळ लांबूनच हेरलं. "काय रे, मासा धरतोस की तबेल्यातली म्हैस बांधतोस?"

"गप ऱ्हव," तुम्ही म्हणालात. "जावयान दिल्यान."

काका आपल्या गळाला आमिष लावायला वळले. ऊन चढल्यावर म्हातारा लागला. काठी वाकली, रीळ ओरडायला लागलं. हे उभं राहून म्हणत होते, "सोडा बाबा, सोडा, अजून सोडा." रिळावर किती उरलंय ते मला काठावरून दिसत नव्हतं, तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही पाण्याकडे बघतच नव्हतात. रिळाकडे बघत होतात. मग सोडायला काही राहिलं नाही. कटल्याचं तोंड मऊ असतं. गळ ते फाडून निघाला, काठी ताडकन सरळ झाली आणि जाड तंगूस पाण्यावर वेटोळी होऊन पडला.

"हात ढिला पडला बाबा तुमचा," हे म्हणाले. कुचेष्टेनं नाही, लाडानं. "वय झालं ना आता."

पोस्टातल्या काकांनी तोंड उघडलं. तुम्ही हाताच्या पंजानं त्यांना थांबवलंत. "पडलो खरो," तुम्ही म्हणालात आणि हसलात. यांनी काठावर माझ्याकडे पाहिलं. मीही हसले.

तुम्ही गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली. काल आमच्या नातवाच्या वाढदिवसाला यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. गोष्टीतला कटला दर वेळी मोठा होतो आणि तुम्ही दर वेळी अधिक म्हातारे. खरं तर यांच्या आजच्या वयापेक्षा तुम्ही तेव्हा कितीतरी लहान होतात. हे वाईट नाहीत. तंगूस जाड होता, चूक हाताची नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. पोस्टातले काका गेल्यावर सांगू शकेल अशी मी एकटीच राहिले. आधी नव्या संसाराची भीती होती. नंतर, इतके दिवस का बोलली नाहीस असं विचारतील याची. आता कसलीच भीती नाही, तरी काल हे "हात ढिला पडला" या वाक्याशी आले, माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसले. लिहायला बसताना वाटत होतं, हा कागद यांच्या चष्म्याखाली ठेवावा. ठेवणार नाही, बाबा. ते मला आत्ताच कळलं आहे.

त्या सोमवारी सकाळी हे घाटकोपरहूनच कामावर गेले. तुम्ही पाट घेऊन गॅलरीत बसलात आणि मला पेन्सिल आणायला सांगितलीत. मला वाटलं, जाड तंगूस कापून टाकणार. तुम्ही तो ओल्या फडक्यानं पुसत पुसत त्याच्याच फिरकीवर परत चढवायला लावलात. "जावई परत येतले तेव्हा लागतलो," म्हणालात. फिरकी मी फिरवत होते. ताण तुम्ही धरला होतात.