हाताला कळलं होतं

नाशिक, ९ फेब्रुवारी १९८२

कुसा, खुशाली मग विचारते, आधी हे ऐक.

विमलला बाळंतपणाला माझ्याकडे पाठवतेस, अक्काच्या हाताखाली लेकीला भीती नाही, असं तू देवळ्याहून लिहिलंस. दवाखान्यातली सव्वीस वर्षांची आयाची नोकरी सुटून मला चार महिने झाले. सून म्हणते, "आई, आता आराम करा." आराम काय चावून खायचा?

परवा दुपारी शेजारच्या सिंधूला कळा लागल्या. पोटाला हात लावताच कळलं, मूल आडवं आहे. तिच्याकडे बोलावलेली सुईण मला म्हणाली, "नोकरी गेली, ऐट नाही गेली." मी तडक बाहेर पडले. रस्त्यात उभी राहून कांद्याचा टेम्पो अडवला. ड्रायव्हरला म्हटलं, "गोण्या उतरव, बाई चढव." दवाखान्यात वेळेत पोचलो, मायलेकरं जगली. कालपासून गल्लीतल्या पोटुशा बाया माझ्या दारात येऊन बसतात.

पण तुझ्या पहिल्या बाळंतपणात पोटाला तेल लावताना माझ्या हाताला हेच कळलं होतं. डॉक्टरांपुढे आयाने बोलायचं नसतं, म्हणून गप्प राहिले. तू विचारलंस, "अक्का, नीट आहे ना सगळं?" मी हो म्हटलं. तुझ्या पोराला दुपट्यात मीच गुंडाळलं, आणि देवाची मर्जी, असंही मीच म्हटलं.

हे वाचलंस तर तू विमलला पाठवणार नाहीस. या खेपेला मी गप्प बसणार नाही, पण ते तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून हा कागद ट्रंकेत ठेवते आणि कार्डावर एवढंच लिहिते, पोरीला लवकर पाठव.

तुझी अक्का,
यशोदा