तीन एक्के टाकणाऱ्या मामीजींना

प्रिय मामीजी,

तुमची तेरवी आटोपून काल गोंदियाला परत आले. तिथं रडताच आलं नाही. ज्या घरात तुमची सून म्हणून माप ओलांडलं, त्या घरात आता मी पाहुणी. पाहुणीनं किती रडावं? वाढायला उठले तर तुमच्या जावेनं हातातलं भांडं काढून घेतलं. "बस वो बाई, तू कायले करतेस?" म्हणून आज लिहायला बसले. पत्रात तरी मला कोण अडवणार?

निघताना रमेश भाऊजी म्हणाले, "वहिनी, माय शेवटपर्यंत तुमच्या त्या डावाची गोष्ट सांगे." कोणता डाव, हे मला विचारावं लागलं नाही.

तुमचा प्रकाश गेला तेव्हा आमच्या लग्नाची नवलाईसुद्धा सरली नव्हती. गोंदियाहून येताना मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. त्यानंतर गोरेगावच्या घरात आपण दोघीच. तुम्ही तांदूळ निवडायच्या, मी भांडी घासायची. "मीठ संपलं" यापलीकडे बोलणं नाही. तुमचा मुलगा गेला होता, माझा नवरा गेला होता, आणि दोघींपैकी एकीलाही दुसरीकडे बघवत नव्हतं.

मग भाऊजी सुट्टीवर आले. जहाजावर स्वयंपाकी होते, वर्षातून एकदाच यायचे. घरातली ती शांतता त्यांना सोसवेना. एका दुपारी चटई टाकून त्यांनी पत्ते काढले. "जहाजावर शिकलो. ओमाहा म्हणतात. पोकरच आहे, पण प्रत्येकाले चार पत्ते. मधात पाच उघडायचे. आपले दोनच वापरायचे, मधातले तीन."

"पैशानं खेळणार असशील तर मी उठून राहिली," तुम्ही म्हणालात. मग चिंचोके आले.

आणि काय रमलात हो तुम्ही! तो पहिला डाव जिंकल्यावर तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. मी तुम्हाला हसताना पाहिलंच नव्हतं. तोंडात पान असलं की तुमचा डावा गाल कसा उचलायचा, ते मला त्या दिवशी कळलं.

एक मात्र तुम्हाला जमायचं नाही. हातात चांगलं आलं की तुम्ही ते टाकायच्या नाहीत. तीन राजे जमले की जमले! मग मधे एकाच रंगाचे तीन पत्ते पडोत, नाहीतर ओळीनं सत्ती-अठ्ठी-नव्वी येवोत, तुम्ही चिंचोके सारतच राहायच्या. भाऊजी डोकं धरायचे. "माय, तीन राजे आत्ता मोठे आहेत. पण इथं साऱ्यांच्या हातात चार-चार पत्ते. पुढचा पत्ता पडला का कोणाचं ना कोणाचं जुळतेच. मधात एकाच रंगाचे तीन दिसून राहिले, दोघंही जोर लावून राहिले, तर समज, कोणाचे तरी एका रंगाचे पाच जमले, तुझे राजे मेले. टाक!"

"टाक, टाक! हाती आलेलं काऊन टाकू? तुझा बाप तेवढा मले टाकून गेला, पुरे झालं."

तुम्ही पत्ते पिसायला घेतलेत.

त्याच दिवसांत माझा भाऊ स्थळ घेऊन आला. गोंदियाजवळच्या मुर्रीचे, शाळेत शिक्षक, त्यांचीही बायको वारलेली. तुम्ही त्याला चहासुद्धा विचारला नाही. "आमच्या घरची सून आहे. बाजारात मांडून ठेवली नाही." मी दाराआड उभी होते. मला राग आला, मामीजी, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. असं दोन्ही एकदम वाटतं का हो? तुम्हाला कधी वाटलं होतं?

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊन गेली, नाटकवाल्यांचा मांडव उतरला, आणि त्या दुपारी तो डाव पडला. मधले पहिले तीन पत्ते: चौकटचा एक्का, बदाम दश्शी, बदाम छक्की. तुमच्या हातात आणखी दोन एक्के, इस्पिक नि किलवर. त्या घटकेला तुमच्याहून मोठं कोणाकडे असूच शकत नव्हतं! तुम्ही चिंचोके सारलेत. आम्ही दोघंही मागं हटलो नाही. चौथा पत्ता बदाम नव्वी. आता तीन बदाम झाले. भाऊजींनी चिंचोके वाढवून जोर लावला, मी त्याहून जास्त लावला. माझ्याकडे बदामाचे राजा नि गुलाम होते, मधल्या तिघांसकट पाच बदाम, म्हणजे रंग.

तुम्ही आधी भाऊजींकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, खूप वेळ. आणि पत्ते चटईवर उघडे टाकलेत, एक्के वर. "रंग तुझ्याकडे आहे, पोरी. घे."

तुम्ही, आणि तीन एक्के टाकले! भाऊजींनी पाचवा पत्ता उघडला: छक्की. मी ओरडलेच, "मामीजी, छक्क्यांची जोडी झाली! तीन एक्के नि एक जोडी रंगाहून मोठं, राहिल्या असत्या तर माझा रंग हरला असता!"

तुम्ही चिंचोके माझ्याकडे सारलेत. "तवा का दिसत होती छक्की? जेवढं दिसे, त्यावर टाकलं. बरोबरच टाकलं."

चार-पाच दिवसांनी बाजारातून आलात, पिशवी खाली ठेवली आणि म्हणालात, "तुझ्या भावाले बोलाव."

"काऊन?"

"रमेशचे बाबा गेले तवा मी तुझ्याहून लहान होती. मले कोणी पुसलं नाही, तुले काय पाहिजे म्हणून. मी तुले पुसून राहिली. सांग."

मी रडत म्हटलं, तुम्ही एकट्या पडाल.

"पडीन. म्हणून तू बी बसशील काय?"

भाऊजी अजून म्हणतात, मायला पत्त्यांनी शिकवलं. मला नाही पटत. तुमच्या मनात ते कधीचं शिजत असणार. चटईवर इतक्या दुपारी तुम्ही माझं तोंड पाहत होतात ना!

नागऱ्याच्या महादेवासमोर त्या मास्तरांशी माझं लग्न लागलं. तुम्ही काऊन नाही आल्या? लुगडं पाठवलंत, स्वतः नाही. किती वेळा मागं वळून पाहिलं मी! अजून सलतं ते. मग पौषात एसटीनं एकट्याच आलात, नव्या धानाचे पोहे घेऊन. माझ्या नव्या सासूबाई तुम्हाला काय म्हणावं म्हणून अडखळल्या, तर तुम्हीच म्हणालात, "विहीण म्हणा बाई, लेक दिली तुमाले."

मामीजी, एक वचन देते. माझी गौरी आता शाळेत जाते. गोरेगावची आजी आपली कोण, हे ती एक दिवस विचारेल. 'पहिल्या घरची' असं मी म्हणणार नाही. मी सांगेन, लोकांना दोन आज्या असतात, तुला तीन. तिसरीनं तुझ्या आईला विचारलं, तुला काय पाहिजे. तिनं विचारलं, म्हणून तू आहेस.

तुमची,
सुनंदा