गच्चीवरचं खोकं

दादा, बापाला लिहिलेलं हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते मला माहीत नाही. पण सशांचं दुसऱ्या कुणाला सांगू? इथे डोंगरात बोगद्याचं काम चाललंय. मी जेसीबी चालवतो, पत्र्याच्या खोलीत राहतो, आणि थंडी अशी की सकाळी बादलीतला बर्फ फोडावा लागतो. खालच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं सशांची जोडी दिली. मादी हातात घेतली, तिचं काळीज तळहाताखाली धडधडलं, आणि एकदम खराडीची आपली गच्ची समोर आली.

वावर गेलं, त्यावर काचेची इमारत उभी राहिली, तरी तुम्ही पहाटेच उठायचात आणि गच्चीवर नुसते येरझाऱ्या घालायचात. गाय काय जिन्यानं वर चढवणार? मग एक दिवस स्कूटरवर सशांचे पिंजरे बांधून आलात. मी नववी नापास होऊन बसलो होतो. आज गॅरेज, उद्या केटरिंग, कुठंच टिकत नव्हतो. जिन्यात उभं राहून मी ऐकलं, तुम्ही आईला हळू आवाजात सांगत होतात, "ज्याला रोज चारा टाकायचाय, त्यो लांब जात न्हाई." म्हणून तर लोणी गावच्या मामाकडून लसूणघास आणायचं काम माझ्याकडे आलं.

विकणाऱ्यानं बजावलं होतं, मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. तुम्ही उलटं केलंत. "परक्या घरात बुजंल पोरगी. त्यालाच हिकडं सोड." तिनं त्याचा कान फाडला. शेजारचे काका कठड्यावरून ओरडले, "घरजावई केला व्हय? मग मार खाणारच त्यो!" आई हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुकाट्यानं मादीची सासरी पाठवणी केलीत.

महिन्याभरानं ती पोटाचे केस उपटायला लागली. पिंजऱ्यात ठेवलेलं लाकडी खोकं केसांनी भरलं. तुम्हाला वाटलं, खरूज झाली. जन्मभर गोठा झाडलेला माणूस. तुम्ही खोकं लख्ख झाडलंत, वर कडुलिंबाचा पाला चोळलात. सकाळी बघतो तर उघड्या फळीवर पिल्लं, गुलाबी आणि गार. दोनच हलत होती. ती दोन तुम्ही कोपरीच्या खिशात घातलीत आणि छातीवर हात धरून उन्हात बसलात. आई म्हणाली, "अहो, दोन घास खाऊन तरी घ्या." उठला नाहीत. मी भारा टाकला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "तिनं पिल्लांसाठी सोताचं उपटून घातलं रं. आन मी झाडून टाकलं." तसा आवाज मी तुमचा परत कधी ऐकला नाही.

संध्याकाळी पिल्लं तिच्यापुढे ठेवली, तिनं पाजली. दोन्ही जगली. पण त्यांचे डोळे उघडायच्या आत मी एका ठेकेदाराच्या गाडीत बसून निघालो. तुम्ही अडवलं नाहीत. पिंजऱ्याकडे तोंड करून उभे होतात. एवढंच विचारलंत, "घास टाकलास का?"

टाकला होता, दादा.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसऱ्याच राज्यात होतो. पोचलो तर पिंजरे रिकामे आणि कोपऱ्यात वाळका घास. त्यानंतर कुठंच वर्षभर राहिलो नाही. कुठल्याही गावात सकाळी ओला लसूणघास दिसला की पाय थांबतात, मग पुन्हा चालू लागतात.

परवा ठेकेदार म्हणाला, सोमवारी मशीन पुढच्या कामावर न्यायची, तयार राहा. मी आजवर असल्या बोलावण्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. या वेळी म्हटलं. कंबर धरलीय असं सांगितलं. खरं कारण सांगायची लाज वाटली. तुम्हाला सांगतो. सकाळपासून मादी पोटाचे केस उपटतेय. खोकं भरत आलंय. झाडू मी खोलीच्या बाहेर ठेवलाय.