ठकूबाईंचं डावं पाऊल

गुरुवार, संध्याकाळ

तळेघरच्या ठकूबाईंची आज गर्भपिशवी काढली. भूल देणारा मी. पाठीत सुई घालून तिच्यातून बारीक नळी सरकवताना ती एकदा अडली. मी जरा रेटली, गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत. नर्सला म्हणालोसुद्धा, असा पेशंट मिळायला नशीब लागतं.

ऑपरेशन नीट झालं. पण संध्याकाळी भूल उतरली तरी डावं पाऊल बधिरच. पाय हलतोय, स्पर्श कळत नाही.

"मावशी, नळी घालताना काही झालं होतं का?"

"लई मोठी कळ गेली डाव्या पायात. करंट बसल्यावानी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमीच म्हनलं व्हतं, हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

म्हणालो होतो. रोजच म्हणतो. 'कळ गेली तर लगेच सांगा' हे आधी सांगायचं असतं. ते सांगणं मी कधी सोडलं?

नळीनं नस दुखावली असणार. बहुतेकांचं काही आठवड्यांत भरून येतं. यांचं येईल ना? याच पावलानं भातखाचरात उतरायचंय त्यांना.

निघताना त्यांनीच विचारलं, "डाक्टर, माजं काय चुकलं का?"

"नाही," एवढंच म्हणालो. कुणाचं चुकलं, ते फक्त इथं डायरीत लिहितोय.