तिसऱ्या पडद्यावरचा चिमटा

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच. टीव्हीवरच्या मुलाखतीत आमच्या गायिका बाई म्हणाल्या, "गाणं मला सुचतं, आमचे गिटारवाले ते बसवून देतात." मी शेजारीच, दात काढत. अकरा वर्षं झाली बाईंकडे गिटार वाजवतोय. त्याआधी दोन मोठे गायक झाले, तिथेही शब्द माझे, चाल माझी, नाव त्यांचं. घरी आलो तर बायको टीव्ही बंद करून बसलेली. "मूग गिळून बसलास ना?" बसलो. काय करू?

५ फेब्रुवारी
बायको म्हणाली, "साऱ्या जगाला गाणी दिलीस, माझ्यावर एक ओळ नाही." आहे! अख्खं गाणं आहे. आजवर बोललो नव्हतो, आज सांगितलं. "मग तूच गा. बाईंच्या गळ्यातून नकोय मला." वीस तारखेला छोटा स्टुडिओ घेतला.

११ फेब्रुवारी
तालमीत तारा लावता लावता बोटं त्या गाण्यात शिरली. बाई सोफ्यावरून – "हे काय रे?" म्हटलं, काही नाही, तारा लावतोय. वाचलो.

१६ फेब्रुवारी
बाईंना सांगून टाकलं, वीसला माझं गाणं मीच गातोय. वाटलं, फाडून खातील. चहात बिस्कीट बुडवत म्हणाल्या, "गा की. तुला कोणी धरलंय?" त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी
फजिती. अंतऱ्याच्या वरच्या ओळीला आवाज फाटला. तीनदा. मग घरी कसा लागायचा तो सूर? – तर घरी मी खोट्या, बारीक आवाजात गुणगुणायचो. बाईंना चाल शिकवताना गुणगुणतो, तसा. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "पट्टी उतरवू या." उतरवली, तर मुखडा इतका खाली गेला की नुसती पुटपुट.

पुन्हा मूळ पट्टीवर आलो, तेव्हा त्याने गिटारकडे बोट दाखवलं. पट्टी चढवायचा तारांवरचा चिमटा, कॅपो, दांडीच्या तिसऱ्या पडद्यावर. म्हणजे बाईंच्या गळ्याची पट्टी. कधी लावला, आठवतही नाही. तिसऱ्या ओळीत मध्येच श्वास घ्यायची बाईंना सवय आहे – तेवढी जागासुद्धा सोडून ठेवलेली. गाणं बायकोवर आणि माप बाईंचं. शरम वाटली.

बायकोने दारातच विचारलं, "झालं?" म्हटलं, गळा बसलाय.

२१ फेब्रुवारी
बाईंचा फोन. कसं झालं, ते विचारलंच नाही. "ते गाणं शनिवारी घेऊन ये, मी गाते. तारा लावत होतास ना, तेव्हाच कळलं मला – पट्टी माझी आहे."

मी वेळ विचारली.