उजवीकडचा आवाज

मैत्री,

सेकंड शिफ्टला द्रोणागिरीच्या गोदामावर चाललोय. बोंबलाची चटणी केलीय, भात तेवढा लाव.

तुझं यंदाच्या जयंतीचं गाणं आवाज सुधारायचा तो इक्वलायझर प्लगिन का घेत नव्हता, ते सापडलं. त्याला मोनो, म्हणजे एकाच बाजूची फाईल लागते आणि स्टुडिओवाल्याने स्टीरिओ दिलीय. डावीकडे तू, उजवीकडे तुझा अंकुश. दोन्ही बाजू एकत्र करायला एक क्लिक पुरलं असतं. मी उजवी बाजूच उडवली. लगेच घेतलं त्याने. मूळ फाईल डेस्कटॉपवर आहे, त्यामुळे आल्याआल्या फोन करून भांडू नकोस. अंकुशरावांना सांग, आवाज बसत नव्हता.

मग हेडफोन लावून ऐकलं. प्रत्येक कडव्यानंतर तू थांबतेस, त्याची ओळ पूर्ण होईपर्यंत. तिथे आता नुसता तुझा श्वास ऐकू येतो. बरीच बटणं फिरवून बघितली, ते थांबणं काही जाईना.

लग्नापासून दरवर्षी जयंतीला आपण दोघं गायचो. माझ्या शिफ्टमुळे यंदाच राहिलं, आणि माझ्या जागी अंकुश आला. माझी ओळ संपायच्या आधीच तू सुरू व्हायचीस. मला वाटायचं, तुला थांबताच येत नाही.

सुगत