जोसेफच्या हातची मेणबत्ती

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा मला उभं केलं! भरदुपारी पडदे ओढून, ज्योत हलू नये म्हणून एसी बंद — अबुधाबीत! आठवड्याची एक सुट्टी, तीही घामाच्या धारांत. सोफियाला शाळेच्या प्रदर्शनासाठी येशूजन्माचं चित्र काढायचंय, बरोक पद्धतीचं. सगळा काळोख आणि एकच मेणबत्ती. ओल्गा मरिया झाली, तिच्या मांडीवरची उशी म्हणजे बाळ. आणि मी? मेणबत्ती धरलेला जोसेफ. मेण ओघळून अंगठा भाजला. ओल्गा म्हणते, "गप उभा राहा रे विली. पोरीने पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागितलंय."

१६ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच. जोसेफच का? चर्चमधलं शेंबडं पोरही जाणतं — जोसेफ येशूचा खरा बाप नव्हे, सांभाळणारा! ओल्गाचा पहिला नवरा मेल्विन वारला तेव्हा त्याची ही लेक रांगत होती. ओल्गाशी लग्न केल्यापासून तिला सायकल मी शिकवली, तापात उशाशी मी बसलो. तरी मी 'विली अंकल'. ठीक आहे, कधी बोललो नाही. पण तेच आता भिंतीवर टांगायचं? इथली वसईची सगळी मंडळी बघायला येणार!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सोफियाला विचारलं, माझं तोंड तरी दिसेल ना नीट? तर मलाच शिकवते — "द लाइट कम्स फ्रॉम द बेबी, अंकल. जोसेफ्स कँडल लुक्स पेल. दॅट्स द सिम्बॉलिझम."

म्हणजे उजेड सगळा बाळाचा, आणि मी घामाने निथळत धरायची ती बिनकामाची मेणबत्ती! मारली फुंकर. "खलास! शोध दुसरा जोसेफ!"

तिने उठून पडदे उघडले, एसी लावला.

२३ नोव्हेंबर

ओल्गाचा अबोला. असू दे! मीही काही कमी नाही.

६ डिसेंबर

उद्या प्रदर्शन. जाणार नाही म्हणजे नाही. हॉटेलात ड्युटी आहे म्हणून सांगितलंय. थाप मारली तर मारली!

७ डिसेंबर, शनिवार

ओल्गाने ओढून नेलंच. चित्रकलेच्या शोभनामिस दारातच तक्रार घेऊन उभ्या — "हात छान आहे तिचा, पण मार्क कापावे लागले. लाइट बाळातून यायला हवा, किती वेळा सांगितलं! ऐकेचना."

पाहिलं. बाळ, मरिया, गोठ्यातली गाय — सगळं जोसेफच्या मेणबत्तीनेच उजळलंय. अंगठ्यावरचा भाजल्याचा डागसुद्धा काढलाय.

शोभनामिसचं चालूच — "वर मला म्हणते कशी — आय पेंटेड व्हॉट आय सॉ, मिस. माय डॅड वॉज होल्डिंग इट."

मी तर ती फुंकर मारून विझवली होती.